शीर सापडत नसेल तर घड्याळ पाहा आणि दुसरा मार्ग धरा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

“पाऊण तास नुसते टोचत होते, शीरच सापडत नव्हती,” ही तक्रार नाशिकमधल्या कुठल्याही रुग्णालयाच्या आवारात कानावर येते. रुग्णाचे दोन्ही हात काळेनिळे झालेले असतात, नातेवाइकांचा संयम सुटतो आणि राग निघतो तो समोर उभ्या असलेल्या सिस्टरवर. आम्ही तातडीच्या विभागात काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका या तक्रारीबद्दल सविस्तर लिहीत आहोत, कारण तिच्यात तथ्य आहे आणि तिच्यावर उपायही आहे. शीर न सापडणे हा कोणाचा गुन्हा नव्हे. मात्र ती सापडत नाही हे कळल्यावरही त्याच हातावर, त्याच पद्धतीने टोचत राहणे टाळता येते. त्यासाठी पुढचा मार्ग कोणता, तो किती मिनिटांनी धरायचा आणि त्याचे साहित्य कुठल्या ट्रेमध्ये आहे, हे रुग्ण येण्याआधी ठरलेले हवे.

शिरा मुळात गायब का होतात? शरीरातले रक्त किंवा पाणी कमी झाले की मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी शरीर कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. म्हणजे सलाइनची गरज ज्याला सर्वाधिक, त्याच्याच शिरा आधी बसतात. पेठ-सुरगाण्याकडून जुलाबाने कोरडे पडलेले बाळ येते, बाळंतपणानंतर रक्तस्राव न थांबलेली बाई येते, महामार्गावरचा अपघातग्रस्त येतो, त्या सगळ्यांचे हे असेच असते. काहींच्या शिरा आजारानेच संपलेल्या असतात: वारंवार भरती होणारे सिकलसेलचे रुग्ण, केमोथेरपी घेतलेले, वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेले. काहींच्या शिरा आहेत पण चरबीखाली किंवा सुजेखाली दडलेल्या आहेत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून येणारा कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण ही वेगळीच अडचण. त्याची शीर कदाचित दिसते, पण अंगाला इतका घाम असतो की मायक्रोपोर चिकटपट्टी चिकटतच नाही आणि रुग्णाच्या तडफडीत कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) निघून येते. तिथे कातडी कोरडी पुसून, पट्टीवरून रोलर बँडेज गुंडाळूनच पुढे जावे लागते, कारण या विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनचा डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यायचा असतो आणि मध्येच मार्ग गेला तर परवडत नाही.

ही अडचण बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या मिनिटात ओळखता येते. पट्टा बांधल्यावर शीर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, लागली तरी ३ मिलिमीटरपेक्षा बारीक आहे, आणि “मागच्या वेळीही फार टोचावे लागले होते” असे घरचे सांगतात. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या की नवख्या हाताने सुरुवातच करू नये. कक्षातला सर्वात सरावलेला हात आधी लागावा.

आता कॅन्युलाबद्दल. टोचून झाल्यावर आत राहते ती सुई नव्हे, मऊ प्लॅस्टिकची नळी. सुई बाहेर काढून टाकतात. नळीच्या रंगावरून तिचा आकार कळतो. राखाडी १६ गेज, हिरवी १८, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. उत्पादकागणिक थोडा फरक पडतो, पण पिवळीतून मिनिटाला साधारण २० मिलिलिटर जाते, गुलाबीतून ६०, हिरवीतून ९० ते १००, राखाडीतून १८० च्या पुढे. म्हणजे एक लिटर सलाइन राखाडीतून पाच-सहा मिनिटांत संपते आणि पिवळीतून पाऊण तासाच्या वर लागतो. द्राक्षबागेत ठिबक टाकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: नळी बारीक आणि लांब केली की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळा पटींनी घटतो. म्हणून रक्तस्राव होत असलेल्या प्रौढाला मनगटावर पिवळी कॅन्युला लावून “लाइन मिळाली” असे समाधान मानणे धोक्याचे आहे. ती औषधाला पुरते, रक्त भरून काढायला पुरत नाही. बारीक मिळाली तर लावावी, त्यातून द्रव सुरू करावा, पण जाड मार्गाचा शोध थांबवू नये.

साध्या शिरेची शक्यता पूर्ण वापरल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही आणि इथेच बरीच घाई होते. हात हृदयाच्या पातळीखाली लोंबता ठेवावा. पट्टा टोचायच्या जागेच्या चार बोटे वर बांधावा, पण इतका घट्ट नको की मनगटाची नाडीच बंद पडेल. रक्तदाब आधीच कमी असलेल्या रुग्णात घट्ट पट्ट्याने धमनी दबते, मग शिरेत रक्त येणार कुठून? अशा रुग्णात रबरी पट्ट्याऐवजी रक्तदाबाचा कफ डायस्टॉलिकच्या (रक्तदाबाच्या खालच्या आकड्याच्या) थोडा खाली फुगवून ठेवला तर शिरा चांगल्या भरतात. दोन-चार मिनिटे हाताशी असतील तर कोमट ओल्या टॉवेलात हात गुंडाळावा. जोरजोरात चापट्या मारू नयेत. दुखण्याने आणि धक्क्याने शीर आणखी आकसते. आणि केवळ हाताच्या मागच्या बाजूवर अडून राहू नये. मनगटावर अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी शीर, कोपराच्या आतली शीर, आणि घोट्याच्या आतल्या हाडाच्या किंचित पुढून वर जाणारी शीर या जागा बहुतेकांत ठरलेल्या असतात. घोट्याची शीर तर लहान मुलात दिसली नाही तरी तिथेच असते, हे ठाऊक असलेला हात न दिसणाऱ्या शिरेतही जातो.

टोचताना सर्वात जास्त शिरा फुटतात त्या एका क्षणी. खालच्या बाजूने अंगठ्याने कातडी ताणून धरली, १५ ते २५ अंशांत सुई गेली, मागच्या चेंबरमध्ये रक्त दिसले. या क्षणी सुईचे टोक शिरेत असते, पण प्लॅस्टिकच्या नळीचे टोक त्याच्या एक-दोन मिलिमीटर मागे, शिरेच्या भिंतीबाहेर असते. रक्त दिसताच नळी ढकलली तर ती भिंतीला अडते आणि शीर सोलवटते. सुई त्याच कोनात पुढे रेटली तर ती पलीकडच्या भिंतीतून बाहेर पडते. म्हणून रक्त दिसले की थांबायचे, सुई कातडीला जवळजवळ समांतर आडवी करायची, दोन-तीन मिलिमीटर आणखी पुढे न्यायची आणि मगच नळी सुईवरून सरकवायची. रक्तदाब फार कमी असेल तर रक्त उशिरा येते किंवा आत जाताना येतच नाही. तेव्हा सुई झटक्यात न उपसता सावकाश मागे घ्यावी, कित्येकदा मागे येताना रक्त दिसते. नळी अर्ध्यात अडली तर बहुधा पुढे झडप असते. पट्टा सोडून सलाइनची सिरिंज जोडावी आणि हलकेच द्रव सोडत नळी पुढे न्यावी. बाहेर काढलेली सुई पुन्हा त्याच नळीत कधीही घालू नये, कारण सुईच्या धारेने नळीचा तुकडा कापला जाऊन रक्तात वाहून जाऊ शकतो. शेवटी १० मिलिलिटर सलाइन ढकलून वरची कातडी फुगते का ते बोटाने पाहावे, आणि पट्टा सुटला आहे ना हेही पाहावे. बाहीखाली विसरलेल्या पट्ट्यामुळे चांगली चाललेली लाइन “बंद पडली” म्हणून काढली जाते.

एका व्यक्तीने दोनदा, त्यानंतर हात बदलायचा. आणि सगळे मिळून चारपेक्षा जास्त नाही. हा नियम अनेक ठिकाणी पाळला जातो आणि आमच्या मते तो प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लिहिलेला असावा. जीव धोक्यात असेल तर चारची वाटही पाहायची नाही. हृदय बंद पडलेल्या रुग्णात दीड मिनिट आणि तीव्र शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेले असताना) पाच मिनिटे झाली की मार्ग बदलावा. कोणीतरी एकाने घड्याळाकडे पाहून मोठ्याने वेळ सांगावी, कारण टोचणाऱ्याला वेळेचे भान राहत नाही. कौशल्य कमी असते म्हणून नव्हे, पूर्ण लक्ष त्या दोन इंच कातडीवर असते म्हणून.

हाताच्या शिरा नाहीत, पण मानेच्या बाजूची बाहेरची शीर फुगलेली दिसते असे पुष्कळदा होते. रुग्णाचे डोके १५-२० अंश खाली, तोंड दुसऱ्या बाजूला, हसळीच्या (गळ्याखालच्या आडव्या) हाडावर सहाय्यकाचे बोट ठेवून शीर दाबलेली, आणि जबड्याचा कोपरा व हसळी यांच्या मधोमध टोचायचे. मानेला पट्टा बांधायचा नाही. नळीचे तोंड क्षणभरही उघडे ठेवायचे नाही, कारण श्वासाबरोबर हवा आत ओढली जाते. एका बाजूला गाठ आली तर दुसरी बाजू लगेच करू नये. दम लागलेल्या रुग्णाला आडवे करता येत नाही आणि मानेला मार असेल तर मान वळवता येत नाही, तेव्हा हा मार्ग सोडून द्यावा.

सोनोग्राफीच्या मदतीने दंडातली खोल शीर गाठणे हा आज लठ्ठ, सुजलेल्या आणि केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांसाठी सर्वात उपयोगी मार्ग आहे, आणि आपल्याकडे तो सर्वात कमी वापरला जातो. वरच्या थरातले पाहणारा सरळ, चपटा लिनियर प्रोब (यंत्राचा कातडीवर टेकवायचा भाग) लागतो. शीर आणि धमनी यांतला फरक प्रोबने हलके दाबून कळतो: शीर मिटते, धमनी मिटत नाही आणि उडत राहते. हलकेच दाबायचे, कारण रक्तदाब पडलेल्या रुग्णात जोराने दाबले तर धमनीही मिटते आणि फसगत होते. दंडाच्या आतल्या बाजूची बॅसिलिक शीर बहुतेकांत चांगली जाड असते. तिच्या शेजारच्या खोल शिरांना मात्र धमनी आणि मज्जातंतू खेटून असतात, तिथे नवख्याने जाऊ नये. शीर निदान ४ मिलिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटरपेक्षा खोल नसलेली निवडावी.

या पद्धतीत लाइन लागते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि दोन-तीन तासांनी दंड सुजतो. याचे कारण साध्या गणितात आहे. ४५ अंशांच्या कोनात गेले तर १ सेंटिमीटर खोलीवरच्या शिरेपर्यंत पोचायलाच नळीचे १.४ सेंटिमीटर खर्च होतात. दीड सेंटिमीटर खोल असेल तर २.१. नेहमीची कॅन्युला सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे शिरेत उरते जेमतेम सेंटिमीटरभर, आणि रुग्णाने हात हलवला की तेवढेही बाहेर येते. नळीचा दोन-तृतीयांश भाग शिरेत राहायला हवा. त्यासाठी ५ ते ६ सेंटिमीटर लांबीच्या कॅन्युला वेगळ्या मागवाव्या लागतात. यंत्र आहे पण लांब कॅन्युला नाही, अशी स्थिती असेल तर कमी खोलीची, कोपराजवळची शीर शोधणे शहाणपणाचे. दुसरी चूक म्हणजे सुईचा मधला भाग पडद्यावर पाहून तेच टोक समजणे. पडद्यावर ठिपका दिसला की प्रोब किंचित पुढे सरकवावा, ठिपका नाहीसा झाला पाहिजे; मग सुई थोडी पुढे, ठिपका परत येतो; असे करत टोकाचा माग ठेवत शिरेच्या आत काही मिलिमीटर जाऊनच नळी सरकवावी. खोल शिरेतून द्रव बाहेर झिरपला तर वर लवकर दिसत नाही. म्हणून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, कॅल्शियम किंवा २५ टक्के डेक्स्ट्रोज अशी बाहेर झिरपल्यास ऊतींना इजा करणारी औषधे देताना दोन्ही दंडांचा घेर पुन्हा पुन्हा हाताने पडताळावा.

हल्ली लाल-हिरवा प्रकाश टाकून शिरा दाखवणारी उपकरणेही विकली जातात. ती कातडीलगतच्या शिरा दाखवतात, लहान मुलांत कधी उपयोगी पडतात. पण शीर किती भरलेली आहे आणि किती खोल आहे हे सांगत नाहीत. बसलेली शीर प्रकाशात दिसली तरी बसलेलीच असते. रुग्णालयाकडे पैसे मोजकेच असतील तर आधी लांब कॅन्युला आणि हाडाची सुई (तिच्याबद्दल पुढे) घ्यावी, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आता हाडाच्या सुईबद्दल. याबद्दल नातेवाइकांच्या मनात सर्वात जास्त भीती असते आणि खरे सांगायचे तर पुष्कळ डॉक्टरांच्याही मनात असते. हाडाच्या आत मज्जेत रक्तवाहिन्यांचे जाळे असते. ते हाडाच्या भिंतींना धरून असल्यामुळे शॉकमध्येही मिटत नाही. तिथे सोडलेले औषध काही सेकंदांत मोठ्या शिरांत पोचते. शिरेतून देता येणारी जवळपास सगळी औषधे, सलाइन आणि रक्त त्याच मात्रेत हाडातून देता येते. ही पद्धत नवी नाही. पहिले प्रयोग १९२२ सालचे आहेत, १९४० च्या दशकात ती बरीच वापरली गेली आणि पुढे प्लॅस्टिकच्या कॅन्युला आल्यावर मागे पडली. जेम्स ऑर्लोव्स्की या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी ती भारतात, कॉलऱ्याच्या साथीत वापरली जाताना पाहिली आणि १९८४ मध्ये तिचा पुन्हा पुरस्कार केला; तिथून ती जगभर परतली. आपल्या देशातल्या साथीच्या वॉर्डांतून जगाने उचललेली गोष्ट आपल्याच ग्रामीण रुग्णालयांत दिसू नये, याचे वाईट वाटते.

जागा ठरलेली आहे. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा उंचवटा बोटाला लागतो. लहान मुलात त्याच्या १ ते २ सेंटिमीटर खाली आणि आतल्या बाजूला, प्रौढात उंचवट्याच्या पातळीला साधारण २ सेंटिमीटर आत, हाडाचा सपाट भाग असतो. तिथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये फारसे काही नसते. पायाखाली चादरीची गुंडाळी ठेवावी, आपला हात पायामागे कधीही धरू नये, कारण सुई निसटली तर ती आपल्याच तळहातात शिरते. ड्रिल असेल तर तीन लांबीच्या सुया येतात: १५, २५ आणि ४५ मिलिमीटर, तिन्ही १५ गेजच्या. सुई आधी कातडीतून हाडाला टेकेपर्यंत न्यायची आणि तिच्यावरची निदान एक काळी रेघ कातडीबाहेर दिसते का ते पाहायचे. दिसत नसेल तर सुई आखूड पडते आहे. मगच ड्रिल सुरू करायचे आणि दाब हलका ठेवायचा, काम यंत्राला करू द्यायचे. हाताने फिरवायची सुई असेल तर मूठ तळहातात आणि तर्जनी टोकापासून १ सेंटिमीटरवर टेकवून, डावी-उजवीकडे फिरवत सरळ दाब द्यायचा. डुगडुगवायचे नाही, त्याने भोक मोठे होते आणि द्रव बाजूने गळतो. कठीण थर संपून हात एकदम सैल पडतो, तिथेच थांबायचे. त्या एका क्षणी न थांबल्यामुळे सुई पलीकडून बाहेर पडते.

सुई आधाराशिवाय उभी राहिली, सिरिंजने ओढल्यावर मज्जेचे रक्त आले, तर जागा बरोबर आहे. रक्त आले नाही तरी घाबरू नये, सलाइन ढकलून पाहावे. त्या पहिल्या थेंबावर साखर तपासता येते आणि नमुना रक्तगटासाठी पाठवता येतो. फक्त तो हाडातला आहे हे लॅबला सांगावे. मग येते ती पायरी जी सर्वात जास्त चुकते: प्रौढात ५ ते १० मिलिलिटर, लहान मुलात २ ते ५ मिलिलिटर सलाइन जोराने एकदम ढकलायचे. मज्जेचे जाळे या दाबाने उघडते; हे केले नाही तर द्रव चालतच नाही आणि “सुई चुकली” म्हणून चांगली सुई काढली जाते. नुसती बाटली उंच टांगूनही प्रवाह फार कमी मिळतो. बाटलीभोवती प्रेशर बॅग (दाब देणारी फुगवायची पिशवी) पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत फुगवावी. लहान मुलात थ्री-वे (तीन तोंडांची कळ) लावून ५० मिलिलिटरच्या सिरिंजने ढकलावे.

शुद्धीवर असलेल्या रुग्णाला सुई शिरताना दुखते ते क्षणभर. जास्त दुखते ते आतल्या दाबाने, द्रव ढकलताना. म्हणून आधी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले २ टक्के लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध हाडातूनच द्यावे, प्रौढात ४० मिलिग्रॅम दोन मिनिटांत सावकाश, मुलात किलोला अर्धा मिलिग्रॅम. मिनिटभर थांबून मगच तो जोराचा सलाइन. ज्या हाडाचे फ्रॅक्चर आहे, ज्यात गेल्या ४८ तासांत एकदा सुई घातली आहे, किंवा जिथे कातडीला पू-जंतुसंसर्ग आहे, तिथे ही सुई नको. पोटरी पुन्हा पुन्हा चाचपावी. ती कडक, ताणलेली वाटली तर द्रव बाहेर जातो आहे, लगेच बंद करावे, नाहीतर आतला दाब वाढून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. चोवीस तासांच्या आत सुई काढावी. तोवर शरीरात पाणी गेल्याने हाताची शीर बहुधा मिळालेली असते. हाड मोडेल, मूल लंगडे होईल ही भीती मात्र अनाठायी आहे. नीट घातलेल्या आणि वेळेत काढलेल्या सुईनंतर हाडाला जंतुसंसर्ग होणे विरळा आहे.

हाडाचा मार्ग शिरेपेक्षा श्रेष्ठ आहे असा आमचा दावा नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटन आणि डेन्मार्कमधल्या मोठ्या चाचण्यांत, रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या प्रौढांत आधी हाड की आधी शीर याने जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. शीर मिळत असेल तर शीरच घ्यावी. प्रश्न ती मिळत नसताना काय करायचे हा आहे.

मोठ्या शिरेत, म्हणजे मान, हसळीखाली किंवा जांघेत सेंट्रल लाइन घालण्याला वेळ, निर्जंतुक तयारी आणि अनुभवी हात लागतो. ती पुढच्या उपचारासाठी उत्तम, पहिल्या पाच मिनिटांसाठी नव्हे. शिवाय लांब असल्यामुळे तिच्या जाड नळीतूनही हिरव्या आखूड कॅन्युलाइतका वेगाने द्रव जात नाही. सर्पदंशात रक्त गोठत नसताना मानेत किंवा हसळीखाली सुई घालू नये, कारण तिथला रक्तस्राव दाबून थांबवता येत नाही. घोट्याजवळ छेद देऊन शीर उघडी करणे हे जुने कौशल्य आता क्वचित लागते, पण ज्या सर्जनला ते येते त्याने ते विसरू नये.

आणि मार्ग मिळेपर्यंत उपचार थांबत नाहीत, हे तर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला पाठ असावे. तीव्र अ‍ॅलर्जीत अ‍ॅड्रेनॅलिन प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. तिथे शीर शोधत बसणे हीच चूक. झटके येत असतील तर मिडॅझोलम नाकातून किलोला ०.२ मिलिग्रॅम किंवा स्नायूत. गरोदरपणातल्या झटक्यांत मॅग्नेशियम सल्फेट ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोल. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. साखर उतरून बेशुद्ध पडलेल्या मुलाच्या जिभेखाली ओलसर साखर. जुलाबाने कोरड्या पडलेल्या बाळाला अर्ध्या तासात सलाइन लागणार नसेल तर नाकातून नळी घालून ओआरएस, किलोला तासाला २० मिलिलिटर, सहा तास. सुरगाण्याहून नाशिकला निघालेल्या रुग्णवाहिकेत एवढे झाले तरी बाळ इथे पोचेपर्यंत हातावर शीर दिसू लागते.

घरच्यांनीही काही गोष्टी न विचारता सांगाव्यात. डायलिसिसच्या रुग्णाचा फिस्टुलाचा (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने शीर आणि धमनी जोडलेला) हात कोणता ते आल्या आल्या सांगा. त्या हातावर पट्टा, रक्तदाब किंवा सुई नको. त्याच्या गळ्यातल्या डायलिसिस कॅथेटरमध्ये (नळीमध्ये) हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध भरून ठेवलेले असते, ते आधी ओढून टाकल्याशिवाय त्यातून काहीही देऊ नये. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया कुठल्या बाजूला झाली, छातीत केमो पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेला कप्पा) आहे का, मागच्या वेळी शीर शेवटी कुठे मिळाली होती, हे सांगा. पोर्टला वेगळ्या प्रकारची सुई लागते, साध्या सुईने त्याचा पडदा खराब होतो.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात, आणि १०८ च्या प्रत्येक रुग्णवाहिकेत, मुलांसाठी व प्रौढांसाठी हाडाच्या निदान दोन-दोन सुया, प्रेशर बॅग आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले लिग्नोकेन एकाच ट्रेमध्ये हवे. ड्रिल महाग पडत असेल तर हाताने फिरवायच्या सुया घ्याव्यात. मुदत संपण्याची तारीख ट्रेवर ठळक लिहावी. कपाटात पडून राहिलेली सुई काही वर्षांनी कालबाह्य निघते, आणि ते कळते नेमके गरजेच्या वेळी.

सुईपेक्षा सराव महत्त्वाचा. त्यासाठी महागडे पुतळे लागत नाहीत. कोंबडीच्या तंगडीवर आणि बोकडाच्या नळीच्या हाडावर हात सैल पडण्याचा तो क्षण हुबेहूब कळतो. दोन तासांत दहा-बारा जणांचा सराव होतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. इंटर्न आणि नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातल्या प्रत्येकाला हा सराव बंधनकारक करणे विद्यापीठाला अवघड नाही. परिचारिकांना वगळू नये. रात्री दोन वाजता शीर शोधणारी बहुधा तीच असते.

सोनोग्राफी यंत्राला पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती लागलीच पाहिजे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी तो कायदा आवश्यकच आहे. पण त्याच्या धास्तीने यंत्र एका खोलीत कुलपात राहते आणि चार दरवाजे पलीकडे रुग्णाला टोचणे चालू असते. तातडीच्या कक्षासाठी लिनियर प्रोबचे स्वतंत्र यंत्र रीतसर नोंदवून घेण्याबाबत जिल्हा आणि महापालिका आरोग्य यंत्रणेने रुग्णालयांना सोप्या भाषेत लेखी मार्गदर्शन द्यावे.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण सिंहस्थ. २०२७ मधील मुख्य स्नाने पावसाळ्यात आहेत. रामकुंड आणि कुशावर्तावर ओल्या अंगाने, थंडीने कुडकुडणारे वृद्ध भाविक असतील आणि गारठ्याने शिरा किती आकसतात हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी वैद्यकीय तंबूत सलाइनच्या आधी कोरडी ब्लँकेट्स आणि गरम पाण्याची सोय हवी. चेंगराचेंगरीसारखा प्रसंग ओढवला तर एकाच वेळी अनेकांना जाड लाइन लागतील. घाटांजवळच्या प्रत्येक तंबूत राखाडी व हिरव्या कॅन्युला पुरेशा, पिवळ्या बेताच्या, हाडाच्या सुयांचा ट्रे, आणि तो वापरता येणारी निदान एक व्यक्ती प्रत्येक पाळीला असावी. साहित्याची खरेदी आणि प्रशिक्षण यांना महिने लागतात. जिल्हा आरोग्य विभागाने त्याचे वेळापत्रक आताच जाहीर करावे, ही विनंती.

आपले,
तातडीच्या विभागात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका,
नाशिक